थ्री नॉट थ्रीवरचा हळदीचा हात

सर चहाला गेलेत, क्लासमधली मशिनं रिकामी पडलीत आणि मला एक गोष्ट आत्ताच सांगायचीय. घरी जाऊन, हातपाय धुऊन, शांतपणे वगैरे नाही. आत्ता. खरं तर ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून’ असं काहीतरी बडवायला बसले होते, पण मगाशी खिडकीतून वास आला आणि माझी बोटं महोदयांना तिथंच सोडून भलतीकडे पळाली.

वास कापलेल्या भाताचा. कर्जतला आमच्या टायपिंग क्लासच्या मागं एक शेत अजून उरलंय. आज तिथं हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात कापायला घेतलंय. ज्यांना हा वास माहीत नाही त्यांना तो कसा सांगू? ओल्या गवतासारखा म्हटलं तर कमी पडतं. त्यात थोडी धूळ असते, थोडा घाम, थोडं चिखलाचं सुकत आलेलं पाणी आणि वर ऊन. आमच्या कळंबला हा वास आला की सगळा गाव एका सुरात शिंकतो. आणि मला, दर वर्षी, न चुकता, या वासाबरोबर शिवणीच्या लाकडाचा भुसा आठवतो. भाताबरोबर भुसा, भुशाबरोबर दिनूकाका, दिनूकाकाबरोबर बंदुका.

हो, बंदुका. घाबरू नका. एकही उडणारी नव्हती.

दिनूकाका म्हणजे माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. आम्ही शेतकरीच, पण काकाच्या हाताला नांगरापेक्षा रंधा जास्त गोड लागायचा. खोपोलीला एका ओतकामाच्या कारखान्यात तो लाकडी साचे करायचा. म्हणजे लोखंडाचा जो भाग ओतायचा असेल तो आधी लाकडात हुबेहूब बनवायचा, मग वाळूत त्याचा ठसा घ्यायचा, मग त्यात लोखंड ओतायचं. मला तेव्हा हे फार गमतीचं वाटायचं, की आधी नक्कल होते आणि मग खरी वस्तू. मग एक दिवस कारखान्याचा भोंगा वाजायचा थांबला. संप म्हणाले, मग टाळेबंदी म्हणाले, मग कुणी काही म्हणेनासंच झालं. काका डबा घेऊन जायचा आणि डबा घेऊन परत यायचा. नंतर डबाही बंद झाला.

बंदुकांचं खूळ निघालं ते नाटकातून. आमच्या गावच्या जत्रेत नाटक असतंच. त्या वर्षीच्या नाटकात इंग्रजांच्या वेळचे शिपाई होते आणि शिपायाला बंदूक नको का? इतर गावांत फळीला काळा रंग मारून भागवतात. काकानं चक्क थ्री नॉट थ्री रायफल बनवली, ती पूर्वी पोलिसांच्या खांद्यावर असायची तसली. पळसदरीला धरणाच्या बाजूला एक निवृत्त मेजरसाहेब राहायचे, ते प्रमुख पाहुणे. मध्यंतरात त्यांनी बंदूक बघायला मागितली आणि ती परत द्यायलाच तयार होईनात. उलटीपालटी करतायत, डोळ्याला लावतायत, आत बघतायत. इकडं पडदा वर गेला आणि इंग्रजांचा शिपाई गुराख्याची काठी घेऊन क्रांतिकारकाला पकडायला आला. लोक अजून हसतात त्यावर.

तर हे मेजरसाहेब हौशी होते. जुनी लष्करी शस्त्रं जमवायची हौस. म्हणजे जमवायची इच्छा. कारण लष्करी बोअरची रायफल साध्या माणसाला घरात ठेवता येत नाही, लायसन्सच मिळत नाही, हे त्यांनी आमच्या ओटीवर बसून आम्हाला समजावलं. म्हणून नक्कल. वजन तेच, लांबी तीच, हाताला लागते तशीच, फक्त उडणार नाही अशी. विलायतेत म्हणे अशा नव्यानं केलेल्या जुन्या बंदुका घेणारे पुष्कळ लोक आहेत, त्यांची मासिकं निघतात. साहेबांचे पुण्यात आणि मुंबईत दोन-तीन मित्र होते त्याच नादाचे. त्यांनी काकाला तीन बंदुका सांगितल्या. एक अठराशे सत्तावन सालातली ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची. एक मार्टिनी, जिच्या पोटाखाली एक दांडा असतो आणि तो ओढला की वरचं तोंड उघडतं. आणि तिसरी थ्री नॉट थ्री. मित्रांना या आवडल्या तर मग काम लागूनच राहील, असं साहेब म्हणाले.

काकीला मात्र पटेना. मेजरसाहेब गेल्यावर तिनं काकाला विचारलं, माणसं मारायची वस्तू घरात कशाला टांगून ठेवायची म्हणून. काकानं खांदे उडवले. पण पुढच्या खेपेला साहेबांनी आपणहूनच सांगितलं. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे लढून आले होते. घरी आल्यावर लढाईबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, कधीच. दुपारी पडवीत झोपायचे तेव्हा उजवा हात आपोआप हलायचा, बोल्ट मागं ओढून पुढं सारल्यासारखा. लहानपणी साहेब शेजारी बसून तो हात बघायचे. तेवढंच त्यांना कळलेलं. वडील गेले, सगळं घेऊन गेले. म्हणून ती थ्री नॉट थ्री त्यांना स्वतःसाठी हवी होती. बाकीच्या दोन बंदुका मित्रांसाठी.

हे सगळं काकी दाराआडून ऐकत होती. त्यानंतर तिनं माणसं मारायची वस्तू असं परत म्हटलं नाही.

शालूकाकी म्हणजे काकाची बायको, कमी बोलणारी. तिचं माहेर खालापूरच्या बाजूचं. परका माणूस आला की ती आत जायची आणि जाताना तिच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा तिच्याबरोबर आत जायचा. आमच्या घरात सगळे बडबडे, मी तर काय, तुम्ही बघताच आहात. त्यात ही एकटी अशी. तिचं काय चाललंय ते कळायचं तर तिच्या हातांकडे बघायला लागायचं.

आणि त्या वर्षी तिच्या हातांनी काय केलं, तर एक मोठी खाकी पिशवी शिवली. जाड कापडाची, दुहेरी शिवणीची, वर पट्टा.

कारण नेरळला एक एजंट होता, तो सुतार, गवंडी, वायरमन गोळा करून मस्कतला पाठवायचा. काकाचा पासपोर्ट तयार होऊन त्याच्याकडेच पडला होता. दिवाळीपर्यंत हो किंवा नाही सांग म्हणाला होता. बंदुकांचं काम जमलं तर काका राहणार, नाही जमलं तर दिवाळीनंतर मस्कत, इतकं ते सरळ होतं. सगळ्या घराला माहीत होतं. बाबा म्हणायचे जाऊ नकोस. काका म्हणायचा बघू. काकी काहीच म्हणायची नाही. काका जेवताना मस्कतच्या गोष्टी सांगायचा, तिथं खोलीत थंड हवेचं मशिन असतं, खजूर फुकट असतो, असलं काय काय. काकी भात वाढायची आणि परत शिवायला बसायची. विहिरीवर बायका विचारायच्या तेव्हा म्हणायची, “जातायत ते.” बस्स, एवढंच. शेजारच्या घरात टू-इन-वन टेप आला होता गल्फहून, त्यात दिवसभर गाणी लागायची. आम्हाला वाटायचं काकीला पण तसलं काहीतरी हवं असणार.

आमची ओटी तेव्हा अर्धी शेताची आणि अर्धी पलटणीची झाली होती. एका अंगाला विळे, दोऱ्या, टोपल्या. दुसऱ्या अंगाला तीन लांबलचक धडं, शिवणीच्या लाकडातून हळूहळू बाहेर येणारी. खरी बंदूक अक्रोडाच्या लाकडाची असते म्हणे, ते आमच्याकडे कुठून येणार? शिवण हलकी, पांढुरकी, पटाशीखाली लोण्यासारखी कापली जाते. वजन भरायला काका दस्त्यात शिसं ओतायचा. दस्ता म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा लाकडी भाग. नळीला लोखंडी पाइप, त्यात आतून सळी ठोकून कायमची बंद. बोल्ट केला होता दाराच्या मोठ्या कडीपासून. तो सरकवला की खाट्‌ असा आवाज यायचा आणि मागच्या दाराची म्हैस वळून बघायची.

गावातले लोक येताजाता खोटी बंदूक म्हणायचे. ते काकाला लागायचं. मी एकदा म्हटलं, अरे काका खोटीच तर आहे. तो रंधा थांबवून म्हणाला, “नंदे, खोटी कधी म्हणायची? खरी म्हणून फसवून विकली तर. मी सांगूनच देतोय, की बाबा ही नक्कल हाय. मंग ती खोटी कशी?”

यावर मी अजून डोकं खाजवते. या वेळचं भात मागच्या वेळच्या भातासारखंच दिसतं, त्याला आपण नक्कल म्हणत नाही. मी आईसारखी दिसते म्हणतात, मग मी कोण? जाऊ दे. सर यायच्या आत पुढचं.

मग आली खंडेनवमी.

आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडतात. विळे, कोयते, पहार, करवती, शिवणयंत्राची कात्री, माझा कंपासबॉक्ससुद्धा. धुऊन-पुसून पाटावर ठेवायचं, हळदकुंकू, झेंडूचं फूल. आणि एकदा पूजेत मांडलं की दसरा उलटेपर्यंत त्या हत्याराला हात लावायचा नाही. त्याची विश्रांती ती. काका त्या दिवशी एजंटाकडे गेला होता, मुदत वाढवून मागायला. बाबा शेतावर. पूजा काकीनं मांडली. बंदुकाही मांडल्या. का नाही मांडणार? हत्यारंच ती. पॉलिश व्हायची होती अजून, पांढरी, कोरी, नव्या नवरीसारखी.

काका परत आला, पाय धुतले, पूजेला नमस्कार करायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

ठासणीच्या बंदुकीवर हळदकुंकवाचं बोट. मार्टिनीवर हळदकुंकवाचं बोट. आणि थ्री नॉट थ्रीच्या दस्त्यावर आख्खा हात. पाची बोटं, तळवा, सगळं. भात साठवायच्या नव्या कणगीवर उमटवतात तसा. हळद पण कशी, तर तेलात कालवलेली, म्हणजे ओघळू नये आणि नीट बसावी.

काकीनं विचारलं, “काय झालं अवो?”

काका म्हणाला, “कुठं काय?” आणि बाहेर जाऊन बसला.

त्याला ओरडता आलं असतं. माझे बाबा असते तर ओरडले असते. पण सणाचा दिवस, तिनं भक्तीनं केलेलं, आणि वर हात लावायची सोय नाही. रात्र आणि आख्खा दसरा ती हळद कोऱ्या लाकडात मुरत बसली आणि काका अंगणात फेऱ्या मारत बसला. सोनं द्यायला आलेल्या माणसांशी बोलतोय, आपट्याची पानं घेतोय, पण लक्ष सगळं आत पाटावर. मी हसत होते, कारण मला तेव्हा ते फक्त गमतीचंच वाटत होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बायका कापणीला गेल्या आणि काकानं बंदूक उचलली. पुसली. हळद निघाली, पण पिवळा हात तसाच. मग त्यानं डोकं चालवलं. तेल आहे, तर तेलाला सोडा. कपडे धुवायचा सोडा पाण्यात कालवला, ब्रश घेतला आणि घासला खसाखसा.

आता हे वाचणाऱ्या बायका कपाळावर हात मारतायत, मला माहितीय. हळदीला सोडा लागला की काय होतं ते आपल्याला परकर घालायच्या वयात कळतं. काकाला आयुष्यात कुणी लुगडी धुवायला लावली नव्हती. हात लाल झाला. तांबडा-लाल, ओला, रक्तासारखा. बंदुकीवर लाल पंजा. काकानं मला हाक मारली तो आवाज मी विसरणार नाही. “नंदेऽ, ही बघ काय करतीय.” जणू बंदूकच काहीतरी करत होती.

काकीला बोलावून आणावं लागलं. ती भारा टाकून आली, पदराला लोंब्या चिकटलेल्या. तिनं बघितलं. मग आत जाऊन लिंबू आणलं, चिरून दस्त्यावर चोळलं आणि लाल परत पिवळं झालं. म्हणाली, उन्हात ठेवा, उडेल. काकाच्या जिवात जीव आला. तिच्या आला की नाही माहीत नाही, ती तशीच शेतावर निघून गेली. जाताना मात्र एकदा वळून त्या हाताकडे बघितलं. मला वाटलं, चूक झाली म्हणून बघतेय.

मग आमच्या खळ्यावर एका बाजूला भात वाळत होतं आणि दुसऱ्या बाजूला गोणपाटावर थ्री नॉट थ्री. काका दर थोड्या वेळानं तिची कूस बदलायचा. धर्मामामा रस्त्यानं चालले होते. आमचे शेजारी, जीभ विळ्यापेक्षा धारदार. ते थांबले, बराच वेळ बघत राहिले.

“दिन्या, लढाई वाळत घातलीस काय रं?”

“पुढं चला मामा.”

“नाय, पाऊस आला तर आमी पन पळायला बरं, म्हनून इचारतो.”

आणि पाऊस खरंच आला. परतीचा, बेइमान, डोंगराकडून ढोल वाजवत. आम्ही सगळे धावलो. भात गोळा करायचं, ताडपत्री ओढायची, पेंढा झाकायचा. बाबा ओरडतायत, कुत्रं मधे मधे. आणि मला दिसलं, की काकी भाताची पाटी तिथंच टाकून आधी बंदूक उचलून पदराखाली घेऊन घरात पळाली. बाबांनी पण बघितलं. घरचं भात भिजलं त्या दिवशी थोडं. बाबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पुढं ऊन पडलं. हळद उडाली. खरंच उडाली, काही राहिलं नाही, दस्ता परत पांढराशुभ्र. काका इतका खूश, की धर्मामामांना हाक मारून दाखवला. मेजरसाहेब रविवारी येणार होते. शनिवारी सकाळी काकानं रंग कालवला, अक्रोडासारखा गडद तपकिरी, आणि फडक्यानं तिन्ही बंदुकांवर फिरवला. मी शेजारी बसून वासाचा आनंद घेत होते. रंग लाकडात शिरत गेला, बंदुका एकदम म्हाताऱ्या झाल्या, जणू कुठं कुठं जाऊन आल्या. आणि थ्री नॉट थ्रीच्या दस्त्यावर, हळूहळू, वर यायला लागला तो हात.

तेल! हळद उडाली होती, पण तेल आत बसलं होतं. जिथं तेल तिथं रंग धरेना. गडद तपकिरी लाकडात फिकट, स्पष्ट, पाच बोटांचा हात. पिवळा होता तेव्हा इतका नीट दिसत नव्हता. करंगळी थोडी वाकडी आहे काकीची, ती वाकडी करंगळीसुद्धा.

काकानं फडकं खाली ठेवलं. नवा दस्ता करायला दिवस नव्हते. रंधा मारावा तर माप बिघडणार आणि साहेबांनी माप सुताच्या, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्या हिशोबात दिलेलं. शेवटी तो म्हणाला, “जाऊ दे. नशिबात मस्कतच हाय.” अगदी साध्या आवाजात म्हणाला. मला तेव्हा पहिल्यांदा समजलं की हे गमतीचं नाही. काकी चुलीपाशी होती. तिनं ऐकलं. तिनं भाकरी उलटली, पण तव्यावर तिला हात भाजला, कारण तिचं लक्ष नव्हतं.

रविवारी मेजरसाहेब जीप घेऊन आले. ओटीवर पाट मांडला, चहा झाला. ठासणीची बघितली, मान हलवली. मार्टिनीचा दांडा ओढला, हसले. मग थ्री नॉट थ्री हातात घेतली. मला वाटलं होतं ते आधी दस्ता बघतील. त्यांनी डोळे मिटले आणि बोल्ट ओढला. मागं, पुढं. परत मागं, पुढं. खाट्‌. खाट्‌. म्हातारा माणूस, आमच्या ओटीवर, डोळे मिटून. आम्ही सगळे जमिनीकडे बघत राहिलो. असं वाटत होतं की आपण तिथं असायला नको.

मग त्यांनी बंदूक खांद्याला लावली, गाल टेकवला आणि तसंच थांबले. खाली घेऊन उजेडात धरली.

“दिनकर, हे काय आहे?”

काका पटकन म्हणाला, लाकडाचा दोष आहे साहेब, शिवणीत कधी कधी येतो असा. इतकं सरळ खोटं त्याला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. साहेबांनी त्या दोषाची बोटं मोजली असतील. ते काही म्हणणार, इतक्यात दाराआडून आवाज आला.

“लाकडाचा दोष नाय. माझा हात हाय तो.”

आणि काकी बाहेर आली. ओटीवर, परक्या माणसासमोर, डोक्यावर पदर पण उभी सरळ.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, वहिनी, बोट लावायचं असतं ना पूजेला? आख्खा हात कशाला?

काकी साहेबांकडेच बघून बोलली, काकाकडे नाही. “हे जाऊ नयेत म्हनून. ही बंदूक तुमास्नी आवडली तर हे ऱ्हानार व्हते. म्हनून हिला जास्त लावली.”

काका तिच्याकडे असा बघत होता जसा काही ती दुसऱ्याच भाषेत बोलली.

“अगं पन पिशवी तूच शिवलीस ना?”

“तुमी निघालावतात म्हनून शिवली. मोकळ्या हातानं धाडू काय?”

“मी कुठं निघालो व्हतो? तू काय बोलंनास. मला वाटलं, तुला पायजे. टेप, पंखा, सगळ्यांकडे आलंय, तुला पन पायजे आसंल.”

“मी कधी मागितला टेप?”

“मंग नको जाऊ म्हनायचं व्हतं.”

“तुमी कुठं इचारलंत? रोज खजूर सांगत व्हता.”

बाबा खोकले. आईनं तोंडाला पदर लावला, हसते की रडते कळेना. आणि मी, जिला कधी बोलायला शब्द कमी पडत नाहीत, ती खांबाला धरून उभी होते. किती महिने एका चुलीवरचं जेवणारी ही दोन माणसं एकमेकांसाठी आपलं मन मारून बसली होती आणि मधे आम्ही सगळे बडबडे, कुणाला कळलंसुद्धा नाही. तिला जे म्हणायचं होतं ते तिनं त्याला नाही सांगितलं, एका न उडणाऱ्या बंदुकीला सांगितलं. मला वाटतं तिला वाटलं असेल की बंदूक ऐकेल. नवरा निघालेला माणूस, त्याला कसं अडवायचं? अडवलं आणि उद्या घरात खायला नसलं तर? ते माप तिच्या मनात कुठं तरी चालू असणार. आता मला हे कळतं.

 मेजरसाहेबांनी ती रायफल परत एकदा मांडीवर घेतली, त्या फिकट हातावरून अंगठा फिरवला. मग उठून काकीसमोर नेऊन धरली. म्हणाले, ही मी नेत नाही. माझ्या वडलांच्या बंदुकीवर असा हात नव्हता. असता तर त्यांनी काही तरी बोलून दाखवलं असतं, कदाचित. मला दुसरी करून द्या, सावकाश. बाकीच्या दोन घेऊन गेले.

दुसरी करून दिली काकानं. त्यांच्या मित्रांनीही सांगितल्या, मग त्यांच्या मित्रांनी. पण असं समजू नका की मग सगळं छान छान झालं. मधे किती तरी महिने एकही काम नव्हतं, काका लोकांच्या दाराच्या चौकटी ठोकत हिंडला, एकदा तर धर्मामामांच्या बैलगाडीचं जू केलं आणि बदल्यात भोपळे आले, नुसते भोपळे. आमच्या घरी टेप आला नाही. काकी कधी चिडली की म्हणते, मस्कतला गेला असता तर निदान पंखा तरी आला असता. आणि काका म्हणतो, सांगायचं होतं ना मग तोंडानं, आमाला काय हात वाचता येतात? आणि दोघं हसतात. पण आता सांगतात. हा फरक मात्र पडला. बारीकसारीक असलं तरी सांगतात, वरणात मीठ कमी आहे इथपासून. घरात आता तीच दोघं सगळ्यात जास्त बोलतात, आम्हालाच म्हणावं लागतं की गप्प बसा.

पासपोर्ट आणायला काका दुसऱ्या दिवशीच नेरळला गेला होता. एजंट हसला म्हणे त्याला, चांगली संधी घालवतोस म्हणाला. काका काय बोलला त्यावर, हे मी त्याला किती तरी वेळा विचारलं. तो म्हणतो, काही नाही, म्हटलं घरून नको म्हणाले. घरून म्हणजे कोण, एवढंही त्यानं त्या माणसाला सांगितलं नाही. पण सांगताना त्याचं तोंड असं फुललं असणार, मला खात्री आहे, कारण आम्हाला सांगताना आजही फुलतं.

जिन्यावर सरांच्या चपला वाजतायत. हा कागद मशिनमधून काढायला हवा. पण त्याआधी एवढंच विचारायचंय आणि अगदी खरं सांगा. तुमच्याकडे असं झालंय का हो? की जे एका माणसाला सांगायचं होतं ते भलत्याच कशाला तरी सांगून टाकलं, देवाला, गाईला, भिंतीला, कशालाही, आणि तो माणूस शेजारीच बसून जेवत होता? मग पुढं काय झालं? त्याला कळलं का? कुणी परका दारात येऊन विचारून गेला, की तुम्हीच सांगितलंत? की अजून सांगायचंच राहिलंय?